दहा अंशांच्या खाली

जानेवारीत फाहाहीलला थंडी वाळवंटाकडून येते,
आणि रात्री
शटरखालच्या चार बोटं फटीतून आत.

बू मिशारीच्या गॅरेजात तेव्हा
चाकं नसलेली एक शेव्हरले होती,
नातवाची सायकल, खजुराचे रिकामे डबे,
जमिनीवर तेलाचा डाग
नकाशात नसलेल्या बेटासारखा.
"गाडी ढकलून काढ," तो म्हणाला, "मग जागा तुझी.
पण होडी? इथे? कशाला?"
मी खांदे उडवले.
"कशाला"चं उत्तर देण्याइतकी अरबी मला येत नव्हती.
मराठीत तरी कुठे होतं.

आधी दार मोजलं, मग होडी ठरवली:
साडेचौदा फूट लांब,
रुंदीला दारापेक्षा एक वीत कमी.
टाकून दिलेल्या गाद्या भिंतींना लावल्या,
छताला डक्टचं रुपेरी अस्तर,
साइटवर उरलेलं, मुकादमाला विचारून आणलेलं.
खरं सांगायचं तर आणून विचारलेलं.

बावीस वर्षं मी या गावातली घरं थंड करतोय.
दिवाणखाने, दुकानं, लग्नाचा एक हॉल,
एकदा घोड्यांचा तबेला.
गॅस भरायचा, कॉइल धुवायची, बिल फाडायचं.
ऊब कशी करतात
हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि सरस धरेना.
डब्यावर लिहिलेलं, दहा अंशांच्या खाली वापरू नये.
थर्मामीटर सहावर.
पहिली फळी सकाळी हातात आली,
दुधावरून साय निघावी तशी.

मग दोन हीटर आणले,
तिसरा शफीउलच्या खोलीतला, शफीउलसकट.
रात्री क्लॅम्पवरून गोधडी घालायचो,
वासंतीने आचऱ्याहून पाठवलेली.
ती फोनवर विचारायची, पुरते ना रे गोधडी?
पुरते, म्हणायचो.
कुणाला, ते ती विचारत नसे.

एका शुक्रवारी बू मिशारी काठी टेकत आला.
फळीला नाक लावून उभा राहिला.
"साज," म्हणाला.
"साग," मी म्हणालो.
त्याचा आजा मोत्यांच्या मोसमासाठी गलबतं बांधायचा,
लाकूड तुमच्याच बाजूने यायचं, म्हणाला.
भिंतीला टेकवलेल्या सुकाणूवर त्याने बोट ठेवलं:
"सुक्कान."
मग मी नाखवा म्हणालो, तो नाखुदा म्हणाला,
चहा निवला,
आणि आम्ही एकमेकांना शब्द परत करत बसलो
शेजारून आणलेल्या भांड्यांसारखे,
कुणी कुणाकडून नेली होती
दोघांनाही आठवत नसताना.

मार्चच्या शेवटी थंडी एका रात्रीत गेली.
आता सरस डब्यातच धुमसायला लागला,
ब्रश बुडवेपर्यंत दगड.
मी शिडी लावली, एक जुना एसी चढवला.
तेवढं येतं मला.

बाबा सांगायचे,
होडी पाण्यात घालण्याआधी
पाणी होडीत घालायचं.
"पाण्याक फसवूक जमना नाय."
काल नळाला पाइप जोडला.
समुद्र दोन सिग्नल पलीकडे,
आणि इथे गॅरेजात, होडीच्या पोटात,
गुडघाभर गोडं पाणी.
तेही समुद्राचंच,
कारखान्यात मीठ काढून ठेवलेलं.

आम्ही तिघे बाहेरच्या अंगाला स्टुलांवर.
शफीउल बॅटरी मारतोय, बू मिशारी चश्मा पुसतोय.
कुणी बोलत नाही.
नाळेजवळ, उजवीकडच्या तिसऱ्या फळीखाली
एक थेंब जमतोय,
पडत नाही, जातही नाही.

ती फळी मला आठवते.
त्या रात्री काटा सहावर होता
आणि गोधडी
मी पांघरली होती.